झिरेश्वराचं सारवण

बंकटची तांबडी शेळी गेली आणि गावात कुणाचा कुणावर भरवसा राहिला नाही.

बंकट हा डोंगराच्या कडेनं शेरडं राखणारा, साठीला टेकलेला एकटा माणूस. संक्रांतीला आठ दिवस उरले होते. भर दुपारी तो पारावर येऊन बसला आणि म्हणाला, शेळी वाघानं नेली. बिबट्या नव्हे, तरस नव्हे, पट्ट्याचा वाघ. सीताफळीच्या झाडोऱ्यातून निघाला, शेळीच्या मानेला धरलं आणि घळीत उतरला. पारावरची माणसं आधी हसली, मग ज्याची त्यानं अक्कल चालवायला सुरुवात केली. कुणी म्हणालं, शेळी सिरसाळ्याच्या बाजारात गेली असेल आणि आता वाघाच्या नावावर वनखात्याकडून भरपाई काढायची असेल. कुणी म्हणालं, बंकटला पढवलंय कुणीतरी.

पढवलंय म्हणणाऱ्यांकडे कारणही होतं. डोंगर आणि त्याच्या पोटातलं गायरान सौरऊर्जेच्या कंपनीला द्यायचं, असा ठराव सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत यायचा होता. अमरसिंहदादांनी तो आणला होता. दादा म्हणजे तालुक्यात वजन असलेला माणूस. त्यांनी आणलेला ठराव आजवर परत गेला नव्हता. आता डोंगरावर वाघ निघाला तर वनखातं येणार, मोजणी-पाहणी होणार, काम अडणार. तेव्हा वाघ कुणाला हवाय आणि कुणाला नको, यावरून माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

शिवकन्या हे सगळं दुकानाच्या आतल्या दारातून ऐकत होती. पारासमोरचं किराणा दुकान तिच्या नवऱ्याचं, बसवराजांचं. गावात त्यांना आप्पा म्हणत. ते ग्रामपंचायतीत सदस्यही होते, आणि कंपनीच्या मजुरांचा शिधा त्यांच्याच दुकानातून जाईल असा शब्द दादांनी त्यांना दिलेला होता. आप्पा गल्ल्यावर बसून बंकटचं बोलणं ऐकत होते. ते हसले नाहीत, काही बोललेही नाहीत. त्यात काही वेगळं आहे हे शिवकन्येच्या मनात तेव्हा आलं नाही. आलं ते पुढे.

तिला स्वतःला वाघाचं भय वाटायला हवं होतं, कारण त्या डोंगरावर रोज जाणारी गावात ती एकटीच. गेल्या महाशिवरात्रीच्या तोंडावर आप्पांच्या छातीत कळ आली होती. अंबाजोगाईच्या दवाखान्यातून ते घरी आले, पण शिवकन्येचा जीव थाऱ्यावर येईना. तेव्हा जंगमाच्या घरच्या म्हाताऱ्या बायनाबाईनं तिला झिरेश्वराचा नेम सांगितला. डोंगराच्या माथ्याखाली खडकातून पाण्याचा झिरा निघतो, बारा महिने आटत नाही. त्याच्या काठावर महादेवाचं दगडी देऊळ, देवळापुढं मातीचं अंगण. ते अंगण वर्षभर रोज, सूर्य निघायच्या आत, आपल्या हातानं सारवायचं आणि झिऱ्याचं पाणी पिंडीवर घालायचं. अंघोळीपासून पाणी घालीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. तळहाताएवढी जागा कोरडी राहिली तरी सारवण मोडलं. आणि एक दिवस मोडलं की वर्ष मोडलं, पुन्हा पहिल्यापासून.

ऊन, पाऊस, ताप, लग्नघर, काही असो, शिवकन्येनं एक दिवस चुकवला नव्हता. येत्या महाशिवरात्रीला नेम पुरा व्हायचा होता.

शेळी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ती अंघोळ करून बाहेर आली तर शेणाची बादली भरून दारात ठेवलेली. आप्पा उठून गोठ्यात जाऊन आले होते. वर्षभर ते तिच्या नेमावर कुरकुरतच होते. थंडीत गुडघे धरतील, पाय घसरेल, देव काय घरात नाही का, असं त्यांचं चालायचं. आज म्हणाले, बादली मी पायथ्यापर्यंत आणून देतो. तिला बोलता येत नव्हतं. ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली आणि मनात म्हणाली, महादेवा, उशिरा का होईना, माणूस वळला.

शेजारची साखराबाई तिला दोनदा बजावून गेली होती की वर जाऊ नको, बाकीच्यांनी आपल्या बायका लाकूडफाट्यालासुद्धा धाडणं बंद केलंय. आप्पांनी साखराबाईला दारातच वाटेला लावलं. वाघबिघ काही नाही, म्हणाले, बंकट पीत असतो.

*

वनरक्षक आली ती उमापूरकडची मुलगी, वर्षाराणी नावाची. खाकी कपडे, मोटारसायकल, पंचविशीची. तिनं बंकटला घेऊन अख्खा दिवस डोंगर पालथा घातला. घळीत शेळीचे थोडे केस आणि वाळलेलं रक्त मिळालं, पण ते बिबट्याचंही असू शकतं, तरसाचंही. डोंगर सगळा कातळाचा. पाय उमटेल अशी मऊ जमीन नाही. एकच जागा होती, झिऱ्यापुढचं अंगण. आणि ते ताजं सारवलेलं, बोटांच्या कमानी जिथल्या तिथं.

संध्याकाळी ती दुकानात आली. पाण्याची बाटली घेतली आणि शिवकन्येला विचारलं,

“काकू, वरचं अंगण तुम्ही सारवता?”

“हो.”

“रोज?”

“रोज.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

त्या ‘कुणी’मधला संशय शिवकन्येला लागला. तिनं सरळ उत्तर दिलं नाही. देवाचं कुणी सांगावं लागतं का, एवढंच म्हणाली आणि आत गेली. आतून तिनं ऐकलं, आप्पा त्या मुलीला नेमाची सगळी हकीकत सांगत होते. किती वर्षं जुना, किती कडक, आमच्या घरात त्याला कोण आडवं येणार. लई भक्तीनं सांगत होते.

रात्रीच्या स्वयंपाकाच्या वेळी साखराबाईनं बातमी आणली की ती वनवाली पोरगी दादांच्या बंगल्यावर चहा पिऊन गेली. झालं. शिवकन्येच्या मनात ती मुलगी तिथंच उतरली. चहा प्यायला गेलेली माणसं पुढे काय लिहितात ते तिनं पाहिलं होतं.

संक्रांत होऊन तीन-चार दिवस झाले असतील. पिंडीवर पाणी घालून शिवकन्या पायऱ्या उतरत होती, तर अर्ध्या वाटेत वर्षाराणी बसलेली. उजाडलं होतं. मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, त्या दिवशी मी चुकीचं बोलले, काकू. चहाचंही तिनंच काढलं. दादांनी बोलावलं होतं, वाघ नाही असं लिहून द्या म्हणाले. चहा प्याले, लिहून दिलं नाही. हे खरं की बनवलेलं, ते शिवकन्येला ठरवता येईना. पण ती बसली.

मग ती मुलगी हळूहळू बोलत राहिली. वाघाचं पिल्लू मोठं झालं की आईच्या रानात त्याला जागा राहत नाही. विदर्भातली रानं आता भरलीत. मग हे तरणे वाघ निघतात, शेकडो मैल चालतात. नदी, रस्ते, उसाचे फड, सगळं ओलांडून. त्यांना राहायला सगळीकडे रान लागतंच असं नाही. पण वाटेत लपायला झाडोरा लागतो, प्यायला पाणी लागतं. आपली ही बालाघाटाची रांग म्हणजे त्यांची वाट आहे. त्यात हा डोंगर मधोमध, आणि बारमाही पाणी इथं एकच.

“डोंगर सपाट झाला तर ती वाट इथंच तुटते, काकू. मग तो खाली शेतात येणार, कुणाच्या तरी गोठ्यात शिरणार, आणि लोक त्याला विष घालून मारणार. मला एक पाय पाहिजे. चांगला उमटलेला एकच पाय. त्याचा प्लास्टरचा ठसा घेतला की साहेबांना पाहणी लावावीच लागते.”

फोटो कुणी मानत नव्हतं. आठच दिवसांपूर्वी गावातल्या कुणीतरी चंद्रपूरकडच्या वाघाचा फोटो आपल्या डोंगरावरचा म्हणून मोबाइलवर फिरवला होता, आणि तो पकडला गेल्यावर वरचे साहेब चिडून बसले होते. आपोआप फोटो काढणारे कॅमेरे मागवले होते, ते यायला महिनाअखेर होणार. आणि तिच्याकडे एवढी गावं होती की रोज पहाटे इथं येऊन बसणं जमणार नव्हतं.

“पाणी प्यायला तो अंगणातूनच जात असणार,” वर्षाराणी म्हणाली. “आणि उजाडायच्या आत ते पुसलं जातं. खूण दिसली तर तेवढा एक दिवस सारवू नका. मला फोन करा.”

“नेम मोडत नसतो, बाई,” शिवकन्या म्हणाली. “नवऱ्याच्या जिवाचा हाय.”

मुलीनं पुढे आग्रह केला नाही.

उरलेल्या पायऱ्या उतरताना शिवकन्येला आपल्या उजव्या तळहाताची जाणीव व्हायला लागली. अंधारात सारवताना गेल्या पंधरवड्यात तीन-चारदा हाताला खळगे लागले होते. मऊ, वाटीएवढे. कुणाचं जनावर येऊन गेलं असेल, असं म्हणून तिनं ते शेणकाल्यानं भरून वरून हात फिरवला होता. दरवेळी. आपल्याच हातानं.

आणि मग तिला बादली आठवली.

शेळी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी. त्याच्या आधी एकदाही नाही. बंकट बोलत होता तेव्हा हसले नाहीत, बोलले नाहीत. बंकट पीत असतो म्हणाले. बंकटच्या गळ्यात तर पंचवीस वर्षं तुळशीची माळ होती. शिवकन्या वाटेत उभी राहिली. माणसाला वाघ खोटा वाटत असेल, तर पहाटे चारला उठून शेण भरायची गरज काय? आणि खरा वाटत असेल, तर आपली बायको एकटी अंधारात वर कशी धाडवते?

त्या दिवसापासून तिनं नवऱ्यावर नजर ठेवली. दादांचा माणूस दुकानात आला की आप्पा बाहेर जाऊन बोलत. रोज दुपारी तिला सहज विचारल्यासारखं विचारत, वर काही दिसलं का? ती नाही म्हणायची. पायथ्याला बादली तिच्या हातात दिल्यावर ते परत घरी जातात, असं ती धरून चालली होती. एके दिवशी उतरताना तिनं हिवराच्या झाडाखाली त्यांना पाहिलं. गुडघ्याला कांबळं, हातात काठी. तिला पाहताच ते लगबगीनं गावाकडे वळले. म्हणजे रोज ते तिथंच बसत होते. राखणीला की पाळतीला, हे तिला कळेना, आणि ते विचारायचा धीर होईना.

*

पंचवीस जानेवारीला पहाटे तिनं प्रथमच सारवायच्या आधी विजेरी खाली धरली.

आदल्या दिवशीचं सारवण दंवानं मऊ राहिलं होतं. झिऱ्याच्या बाजूला, पिंडीकडे जाताना उजव्या हाताला, तो पाय होता. तिच्या पसरलेल्या तळहातापेक्षा मोठा. चार बोटं, मागे रुंद गादी. नखाची खूण नाही. पुढे आणखी दोन, पण ते कातळावर चढताना फाटलेले. हा एकच पुरा.

शिवकन्या त्याच्यासमोर उकिडवी बसली. भीती वाटली, पण थोडीच. वर्षभर जिथं बसून ती देवाशी न बोलता बोलली, तिथं आणखी कुणीतरी रोज पाणी प्यायला येत होतं, आणि त्यानं तिला काहीच केलं नव्हतं. बादली बाजूला होती. पूर्वेला फटफटत होतं. नेमाचे एकवीस दिवस उरले होते. तिनं बादलीत हात घातला, शेणकाला ओंजळीत घेतला आणि तसाच धरून राहिली. ठशाच्या भोवतीनं सारवावं म्हटलं तर तळहाताएवढी जागा सुटत होती. तिनं ओंजळ बादलीत रिकामी केली.

उजाडता उजाडता बंकट शेरडं घेऊन वरच्या अंगाला आला. तिनं त्याला हातानं खुणावलं. तो जवळ आला, खाली बघितलं आणि मटकन बसला. तिनं कानाला हात लावून फोनची खूण केली, मग खांद्यावर पट्ट्या दाखवल्या. बंकटला कळलं. शेरडं तिथंच सोडून तो रेंज मिळते त्या खडकाकडे पळाला.

तो गेला आणि पायऱ्यांवर काठी वाजली. आप्पा आले. ती वेळेवर उतरली नाही म्हणून आले, की बंकटला पळताना पाहून आले, देव जाणे. त्यांनी ठसा पाहिला. फार वेळ पाहिला. मग बादलीकडे पाहिलं.

“अगं, सूर्य निघंल आता,” ते म्हणाले. “सारवून घे.”

ती हलली नाही.

“एकवीस दिवस राह्यले. सगळं वर्ष पाण्यात घालती का? माझ्या जिवाचा नेम हाय ह्यो. तूच म्हणत व्हती.” “दुसऱ्याचा हात चालत न्हाई म्हणून, न्हाईतर मीच फिरवला असता.”

ते एक पाऊल पुढे आले. शिवकन्या सरकून ठशाच्या पुढं बसली आणि तिनं पदर पसरून त्याच्यावर आडवा धरला, ठशाला लागू दिला नाही. आप्पा थांबले. ते नंतरही बरंच बोलले. रागावून बोलले, विनवून बोलले, एकदा तर दोन्ही हात जोडले. तिला बोलता येत नव्हतं, आणि ते बरंच होतं. बोलता आलं असतं तर कदाचित तिनं ऐकलं असतं. धर्मापुरीच्या बाजूनं सूर्याची कड वर आली. ऊन देवळाच्या पायरीवर पडलं, मग अंगणात आलं.

“निघाला,” शिवकन्या म्हणाली. “मोडला नेम. आता बोलते. शेण तुमी कावून, कशापायी आणून देत व्हता? अन् वर वाघ हाय हे ठाऊक असून मला एकटीला कावून धाडत व्हता?”

आप्पा पायरीवर बसले. उत्तर दिलं नाही. छातीवरून हात फिरवत थोडा वेळ बसले आणि काठी टेकत खाली गेले.

वर्षाराणी नऊच्या सुमारास धापा टाकत आली. ठशाभोवती पत्र्याची पट्टी लावून तिनं प्लास्टर ओतलं, वाळायला अर्धा तास बसली. नर आहे, तरणा, म्हणाली. शिवकन्येच्या डोळ्यांत पाणी बघून तिनं विचारलं काय झालं. शिवकन्येनं सांगितलं नाही. ठसा उचलून झाल्यावर तिनं पिंडीवर पाणी घातलं आणि मनात म्हणाली, उद्या पहिला दिवस.

*

झेंडावंदन झालं आणि शाळेच्या मैदानात ग्रामसभा भरली. वनखात्याचं पत्र वाचून दाखवलं: पाहणी होईपर्यंत डोंगराबाबत निर्णय घेऊ नये. अमरसिंहदादा शांतपणे उभे राहिले. वाघाला आमचा विरोध नाही, म्हणाले, वाघ आमच्या देवीचं वाहन. पण प्लास्टरचा साचा कुठूनही आणता येतो. पाहिला कुणी? ज्याची शेळी गेली त्यानं. आणि आमच्या काकूंनी. काकू भाविक आहेत, वर्षभर उपासतापास, पहाटेचा अंधार. भक्तीत माणसाला काय काय दिसतं. पुरुषांच्या बाजूला हशा झाला.

शिवकन्या बायकांतून उठली. पदर सारखा केला. तेवढ्यात पलीकडे आप्पा उभे राहिले.

“मी पाह्यला,” ते म्हणाले. “ह्या डोळ्यांनी. मी तिला पुस म्हणालो. तिनं पुसला न्हाई, माझ्या जिवाचा नेम मोडू दिला. दादा, आता त्याला खोटं म्हणायचं असंल तर माझ्या तोंडावर म्हणा.”

दादा हसून खाली बसले आणि ठराव पुढच्या सभेवर, एक मेवर गेला. एवढंच झालं. डोंगर वाचला असं कुणी म्हणालं नाही.

बायका शिवकन्येला म्हणाल्या, नशीबवान हायेस. पण तिच्या मनाला चैन नव्हतं. आप्पा सभेत का उठले? साखराबाईकडून तिला कळलं होतं की मजुरांच्या शिध्याचं काम दादांनी आता आपल्या भाच्याला देऊ केलंय. हे आप्पांना सभेच्या आधी कळलं की नंतर? घरात दोघं जेवढ्यास तेवढं बोलत. पहाटे आता ती आपली बादली आपण भरत होती, आणि आप्पा कांबळं पांघरून, न विचारता, तिच्या मागं चार पावलं पायथ्यापर्यंत येत होते.

महिनाअखेरीस कॅमेरे बसले. तिसऱ्या दिवशी वर्षाराणीनं फोटो दाखवला. झिऱ्यावर वाकलेला वाघ, पुढचे दोन्ही पाय सारवणात. त्यानंतर तो दिसला नाही. रांगेनं पश्चिमेकडे गेला असावा, ती म्हणाली. पण वाट राहिली तर दुसरा येईल.

त्याच आठवड्यात पोतं उचलताना आप्पा मध्येच थांबले आणि छाती धरून भिंतीला टेकले. शिवकन्येनं पाहिलं. त्यांनी काही नाही म्हटलं, पण ती ऐकेना. केदारनाथ नावाच्या पुतण्याची जीप काढून ती त्यांना अंबाजोगाईला घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, गोळ्या कधीपासून बंद आहेत? आप्पा म्हणाले, दिवाळीपासून. शिवकन्या रोज गोळी त्यांच्या हातावर ठेवत होती; ती गिळली जाते की नाही, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर, जीपच्या मागच्या बाकावर, ते आपण होऊन बोलले.

“पयले पाच-सहा दिवस बादली दादाच्या सांगण्यावरून आणली. खोटं कशाला बोलू. मग संक्रांतीच्या आदल्या दिवशी पुन्हा कळ आली. तुला सांगितलं न्हाई. मग माझ्याच भ्यानं आणत गेलो, तुझा नेम पुरा व्हावा म्हणून.”

“अन् पायथ्याला?”

“ते तुझ्या भ्यानं. पयल्या दिवसापासून.”

शिवकन्येनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. छत्तीस वर्षांचा संसार; तरी त्यातलं किती खरं, ते तिला त्या चेहऱ्यावर वाचता येईना. बाहेर डोंगर आला, सीताफळीचा वाळका झाडोरा, वर देवळाचा कळस. दोघांनी तिकडे पाहिलं.

घरी आल्यावर तिनं तांब्याभर पाणी आणलं, गोळी आपल्या हातानं त्यांच्या जिभेवर ठेवली. त्यांनी पाणी प्यायलं. तरीही ती समोरून उठली नाही.

“तोंड उघडा,” ती म्हणाली. “जीभ वर करा. बघू द्या.”

त्यांनी जीभ वर केली.